तीन हरिश्चंद्र आणि एक लाला

मागच्या महिन्यात धाकट्या भावाचा नातू कारखान्यातली ड्युटी संपवून तसाच घरी आला. चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली, तरी स्वारी उठेना. शेवटी त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "मोठे आबा, एकदा नजरेखालून घाला."

कागदावर यादी होती. मिररलेस कॅमेरा, दोन लेन्स, दोन फ्लॅश, गिंबल, ड्रोन, एडिटिंगसाठी मोठा कॉम्प्युटर. खाली बेरीज, ४ लाख ८० हजार. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळयांच्या कारखान्यात त्याची नोकरी आहे. नोकरी सांभाळून लग्नांचे फोटो काढायचे आणि सहा महिन्यांत जम बसला की नोकरी सोडून द्यायची, असा बेत. निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांवर उभी राहते, दोन लाख कमी पडतात. ते माझ्या मुदतठेवीतून उसने हवेत.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "पंधरा दिवस दे," एवढंच म्हणालो. पोरगा जरा हिरमुसला. त्याला वाटलं, म्हातारा टाळतोय. पण टाळत नव्हतो. आमच्या घरात कॅमेऱ्यासाठी उसने पैसे काढण्याची ही पहिली वेळ नाही, आणि महाराष्ट्रात तर मुळीच नाही. कोणी प्रश्न विचारला की उत्तराआधी त्याचा इतिहास आठवायचा, ही माझी मास्तरकीतली खोड. तोच इतिहास आज इथे मांडतो. ज्याच्यासाठी लिहितोय तो वाचेलच, आणि बाकीच्या नातेवाइकांनाही कळेल की म्हाताऱ्याने काय ठरवलं आणि का ठरवलं.

तर सुरुवात मुंबईपासून.

फोटो काढण्याची युक्ती १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. ती मुंबईला पोचायला फार वर्षं लागली नाहीत. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या सभासदांत होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. लगेच पुढच्या वर्षी, १८५५ साली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. म्हणजे सत्तावनच्या उठावाच्याही आधी मुंबईतली आपली मुलं वर्गात बसून ही विद्या शिकत होती! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा साल तपासून पाहिलं होतं.

या वर्गातून तयार झालेलं एक नाव म्हणजे हरिश्चंद्र चिंतामण. त्यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ चालवला, फोटोग्राफी हाच व्यवसाय केला. नारायण दाजींचं पोट डॉक्टरकीवर होतं, फोटो हा जिव्हाळ्याचा उद्योग. हरिश्चंद्र चिंतामणांचं पोट फोटोवर. म्हणजे आज आमचा नातू ज्या दोन वाटांच्या तोंडाशी उभा आहे, त्या दोन्ही वाटा पहिल्या पाच-दहा वर्षांतच दिसायला लागल्या होत्या.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. काचेच्या तावदानावर कोलोडियन नावाचा चिकट थर द्यायचा, ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि ओली असतानाच परत अंधारात नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. थर वाळला की काच वाया. आपल्याकडच्या उन्हात तर तो लवकरच वाळणार. त्यामुळे बाहेरगावी जायचं तर काळोखी खोली तंबूच्या रूपाने बरोबर न्यायची. काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, स्वच्छ पाणी, उचलायला माणसं, बैलगाडी. कॅमेरा हा त्या पसाऱ्यातला एक नग. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्यावरच येणार आहे.

आता आपल्या भागाशी ज्याचा संबंध आला त्या माणसाकडे वळू. लाला दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मीरतजवळच्या सरधना गावचा, जैन कुटुंबातला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६ साली इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करण्याच्या कामावर लागले. इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी, तेव्हा तुकोजीराव होळकर गादीवर होते. १८७४ च्या सुमारास दीनदयाळांनी कॅमेरा हातात घेतला. सर हेन्री डॅली नावाचे इंग्रज अधिकारी आणि खुद्द तुकोजीराव, दोघांनीही त्यांना उत्तेजन दिलं. १८७५-७६ साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला तेव्हा त्या दौऱ्याचे फोटो त्यांनी काढले. १८८२-८३ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंडात फिरून किल्ले, देवळं, राजवाडे टिपले.

आणि या सगळ्या काळात ते नोकरीत होते! पगार चालू होता. हातात नाव आलं, मोठमोठे लोक ओळखायला लागले, तरी त्यांनी एकदम राजीनामा टाकला नाही. आधी दोन वर्षांची रजा काढली. रजेत देशभर हिंडून फोटो काढले, धंदा म्हणून हे चालतं का ते पाहिलं. मगच नोकरीतून मोकळे झाले. १८८५ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे फोटोग्राफर म्हणून नेमणूक झाली, हैदराबादला सहाव्या निजामाच्या, महबूब अलीखानांच्या दरबारी प्रवेश झाला, १८८६ साली सिकंदराबादला स्टुडिओ निघाला. कॅमेरा हाती घेतल्यापासून इथवर यायला सुमारे दहा वर्षं लागली. १८९२ साली त्यांनी हैदराबादला फक्त बायकांसाठी स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांचे फोटो पुरुषाने काढायचे नाहीत, म्हणून तिथे सगळं काम एका इंग्रज बाईच्या हाती दिलं. पुढे १८९४ साली निजामाने त्यांना 'राजा' केलं आणि 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९६ साली मुंबईलाही त्यांचा भव्य स्टुडिओ झाला.

आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. दीनदयाळांचे वेरूळचे, दौलताबादचे, औरंगाबादचे फोटो आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे म्हातारी माणसं ज्याला 'छप्पनचा दुष्काळ' म्हणत त्या १८९९-१९०० च्या सुमारास निजाम सरकारने औरंगाबाद भागात जी मदतीची कामं चालवली, तिथलेही फोटो त्यांच्या स्टुडिओने काढले. राजवाड्यातल्या मेजवान्या आणि दुष्काळातली हाडकी माणसं, दोन्ही एकाच स्टुडिओच्या काचांवर. गिऱ्हाईक एकच होतं, सरकार. दीनदयाळ १९०५ साली गेले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हपैकी २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या आणि २००६ साली त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं.

हा झाला लाला. आता दुसरे हरिश्चंद्र.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सगळे सावेदादा म्हणत. यांचाही मुंबईत फोटो स्टुडिओ. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. सावेदादांनी ती हलती चित्रं पाहिली आणि त्यांना चैन पडेना. त्यांनी विलायतेहून रायली ब्रदर्सचा चलच्चित्राचा कॅमेरा मागवला, किंमत २१ गिनी. म्हणजे २२ पौंड १ शिलिंग. पौंडाला १५ रुपये हा त्या सुमाराचा भाव धरला तर साधारण ३३० रुपये. १८९९ साली त्या कॅमेऱ्याने त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती टिपली. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून परत आले, त्यांचं मुंबईत झालेलं स्वागतही सावेदादांनी टिपलं. भारतीय माणसाने काढलेल्या अगदी पहिल्या चित्रपट्ट्या त्या. स्टुडिओ चालू होता म्हणून या नव्या वेडाचे ३३० रुपये त्यांना झेपले. पुढे काही वर्षांनी त्यांनी चित्रणाचा उद्योग थांबवला आणि गेटी थिएटरच्या व्यवस्थापनाकडे वळले. झेपेल एवढंच अंगावर घेतलं, आणि नाही जमलं तेव्हा घरदार न विकता बाजूला झाले. यात मला कमीपणा वाटत नाही.

तिसरे हरिश्चंद्र म्हणजे खुद्द राजा हरिश्चंद्र, आणि त्यांना पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके.

फाळक्यांना आपण सिनेमावाले म्हणून ओळखतो, पण ते मूळचे फोटोवाले हे विसरतो. त्र्यंबकेश्वरचा १८७० चा जन्म, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. १८९० नंतरच्या दशकात त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला. १९०० च्या प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल नेलं. गोध्रा सोडून बडोद्याला आले, तिथे पुन्हा फोटोचा धंदा सुरू केला, आणि तो चालला नाही. कारण काय, तर फोटो काढल्याने अंगातली शक्ती कॅमेरा ओढून घेतो, आयुष्य घटतं, ही लोकांची समजूत! कॅमेरा चांगला होता, काढणारा तर जे. जे.मध्ये शिकलेला. समोर बसणारं माणूसच तयार नव्हतं. १९०३ साली ते पुरातत्त्व खात्यात नोकरीला लागले, १९०६ साली ती सोडली, छापखाना काढला, तिथेही भागीदारांशी बिनसलं.

१९११ साली त्यांनी मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा चित्रपट पाहिला आणि पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. पण त्यातले आकडे आपण वाचत नाही. इंग्लंडला जाऊन यंत्रसामग्री आणायची म्हणून फाळक्यांनी १२ हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकल्या आणि १० हजारांचं कर्ज उभं केलं. १ फेब्रुवारी १९१२ रोजी बोटीत बसले. लंडनला विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, किंमत ५० पौंड. त्याच भावाने हिशेब करा, ७५० रुपये!

वाचकहो, मी हा हिशेब कागदावर मांडला आणि बराच वेळ त्याकडे बघत बसलो. कर्ज १० हजार, कॅमेरा साडेसातशेचा. मग उरलेले सव्वानऊ हजार कशाला? प्रवासाला, कच्च्या फिल्मला, फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राला, जागेला, माणसांना, आणि चित्रपट पुरा होऊन तिकीट विकलं जाईपर्यंत घरातली चूल पेटती ठेवायला. आणि तेवढेही पुरले नाहीत. परत आल्यावर पुढचा पैसा कोणी द्यायला तयार होईना, तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण करून रोप उगवताना मिनिटभरात दाखवलं. ते पाहून सावकारांचा विश्वास बसला. तरीही सरस्वतीबाईंच्या अंगावरचे दागिने गेलेच. चित्रीकरणाला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. तेवढे दिवस सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाईंनी केला, शिवाय फिल्मला भोकं पाडायचं आणि ती धुवायचं कामही. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशनला 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि मग पैसा दिसला.

हरिश्चंद्र राजा शब्दाला जागण्यासाठी डोंबाघरी पाणी भरायला राहिला, तारामती विकली गेली. फाळक्यांनी पहिल्याच चित्रपटाला हा विषय निवडला तो योगायोग नसावा असं मला कधी कधी वाटतं. असो.

आता आमच्या घरचा इतिहास. तो कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून मीच सांगतो.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. त्याच वर्षी मी आणि धाकट्या भावाने अंबडला फोटो स्टुडिओ टाकला. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. शिक्षकाने धंदा करायचा नाही असा नियम, म्हणून दुकान भावाच्या नावावर. पैसे मी पतपेढीतून काढले आणि कर्जाच्या अर्जावर कारण लिहिलं 'घरदुरुस्ती'. मुलांना खरं बोलायला शिकवणाऱ्या मास्तराने हे लिहिलं, ते आज कबूल करून टाकतो. सेकंडहँड याशिका कॅमेरा मिळाला, वरून खाली बघायचा, दोन भिंगांचा. अठराशे रुपये. माझे तीन पगार. एका रोलात बारा फोटो निघत, त्यामुळे बटण दाबताना बोट थरथरायचं.

आम्हाला वाटलं कॅमेरा आला म्हणजे स्टुडिओ झाला. मग कळायला लागलं. एनलार्जर हवा, कागद हवा, हायपो हवा, लाल दिवा हवा, मागे ताजमहाल आणि कारंजं रंगवलेला पडदा हवा, दुकानाची अनामत हवी. आणि आपल्या भागातली सगळ्यात महाग गोष्ट, पाणी. फोटोचा कागद तासभर वाहत्या पाण्यात धुतला नाही तर वर्षभरात पिवळा पडतो. अंबडला मे महिन्यात वाहतं पाणी! भाऊ हंडे भरून आणायचा आणि चार टबांत एकेक करून फोटो धुवायचा. डेव्हलपर वीस अंशांवर ठेवायचा असतो, बाहेर बेचाळीस. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून टबाभोवती रचायचा. दीनदयाळांचे तंबू आणि बैलगाड्या मी नंतर वाचल्या, पण वाचताना डोळ्यांसमोर भाऊच आला.

गिऱ्हाईक? पहिलं वर्षभर तीनच प्रकारचं. शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागणारा फोटो, मुलगी दाखवायला पाठवायचा फोटो, आणि घरातलं माणूस गेलं की त्याचा शेवटचा फोटो. पहिल्या प्रकारातली निम्मी पोरं माझ्याच शाळेतली. त्यांच्या बापाकडे पैसे कसे मागणार? "गुरुजी, कापूस गेला की देतो." काहींनी दिले, काहींचा कापूसच गेला.

नवव्या महिन्यात दुकानाचं भाडं थकलं. पतपेढीचा हप्ता माझ्या पगारातून कापला जायचा, त्यामुळे घरातही ओढाताण. भाऊ म्हणाला, "दादा, विकून टाकू." त्या रात्री हिने हातातल्या पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी नको म्हणालो, पण फार जोराने म्हणालो नाही. पाटल्या मोडल्या. त्या पैशांतून आम्ही एकही नवी वस्तू घेतली नाही. भाडं, कागद, फिल्म आणि भावाच्या घरचं धान्य, बस. त्या पाटल्यांनी आम्हाला दहा महिने विकत घेऊन दिले. आणि तेवढ्यात लोकांना दुकान माहीत झालं. शाळांचे सामुदायिक फोटो मिळाले, लग्नं मिळायला लागली.

पुढे १९९३ साली निवडणूक आयुक्त शेषन यांनी मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला आणि गावोगाव फोटो काढायची कामं निघाली. भावाने एका ठेकेदाराच्या हाताखाली रात्रंदिवस काम केलं. ज्या म्हाताऱ्यांनी जन्मात फोटो काढला नव्हता, ती पारावर रांगेत बसली. आयुष्य घटेल म्हणून कोणी पळालं नाही. दीनदयाळांना दरबाराने जगवलं, आमच्या दुकानाला अर्जाने जगवलं. १९९४ च्या दिवाळीत भावाने हिला पाटल्या करून दिल्या. आधीच्यांपेक्षा अर्ध्या तोळ्याने जास्त.

आणि अर्जानेच दुकान बंदही केलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. आधारला फोटो बाहेरून न्यावा लागत नाही, केंद्रावरच काढतात. पासपोर्टचंही तेच झालं. फिल्म तर त्याआधीच संपत आली होती, २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. भावाने २०१४ साली शटर ओढलं. एनलार्जर अजून त्यांच्या माळ्यावर आहे. भाऊ आता नाही.

तर बाळा, आता तुझ्या यादीकडे येतो.

तुझी यादी चुकीची नाही. मी दोन ठिकाणी चौकशी केली, भाव बरोबर आहेत, आणि लग्नातल्या लोकांना आता हे सगळं लागतं हेही खरं. पण तुझ्या यादीत फक्त साडेसातशे रुपये आहेत. उरलेले सव्वानऊ हजार कुठे आहेत?

लग्नाचा धंदा तिथीवर चालतो. तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू होतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतो. मधल्या काळात मोठी तिथी आली की एकाच दिवशी दहा ठिकाणी मांडव पडतात, पण तू एकाच मांडवात उभा राहू शकतोस. म्हणजे कॅमेरा कितीही भारी असला तरी वर्षाला लग्नं मोजकीच. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने. हप्त्याला चातुर्मास नसतो. त्यात आपला जिल्हा. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, टँकरमागे लोक पळाले, आणि लग्नं पुढे ढकलली गेली, ते तू लहानपणी पाहिलंस. कापूस, सोयाबीन बुडालं की मांडव लहान होतो आणि आधी कात्री लागते ती फोटोवाल्याला.

म्हणून मी असं ठरवलंय. नोकरी सोडायची नाही. लाला दीनदयाळांनी दहा वर्षं सोडली नाही, तू निदान तीन वर्षं सोडू नकोस. लग्नं शक्यतो सुट्टीच्या वारी धर, लागलीच तर लालांसारखी रजा काढ. दोन लाख मी देतो. पण त्यातल्या ९० हजारांत एक वापरलेला चांगला कॅमेरा आणि एक लेन्स. फ्लॅश त्यातच बसव. ड्रोन, गिंबल भाड्याने मिळतात, ज्या गिऱ्हाइकाला हवे त्याच्याकडून भाडं घे आणि आण. उरलेले १ लाख १० हजार तुझ्या नावाने ठेवीत राहतील. त्यातून वस्तू घ्यायची नाही. ज्या महिन्यात तिथी नसेल आणि कोणाचे पैसे अडकले असतील, त्या महिन्यासाठी ते. त्या पाटल्या आहेत असं समज.

एवढं लिहून मी हिला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढा इतिहास सांगितला, पण त्याच्या बायकोला यातलं काही माहीत आहे का, ते विचारलंत?"

नव्हतं विचारलं. पोराचं लग्न होऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. फोन केला, तर तिकडे शांतता. "सांगणारच होतो, आबा." म्हटलं, पाटल्या कोणाच्या जातात ते माहीत आहे ना? रविवारी दोघं या.

दोघं आली. सूनबाई जाफराबादकडची, बी.कॉम. झालेली. ही तिला घेऊन स्वयंपाकघरात गेली. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण पोहे बाहेर आले तेव्हा यादी सूनबाईच्या हातात होती आणि बांगड्यांच्या आवाजासकट तिने ती टेबलावर सरळ केली. तीन ओळींवर निळ्या पेनाने काट मारली होती. ड्रोन पहिला. खाली तिच्या अक्षरात चार नव्या ओळी होत्या. गाडीचं पेट्रोल. मेमरी कार्डं आणि हार्ड डिस्क. मदतनिसाची रोजंदारी. आणि शेवटी, 'जून ते नोव्हेंबर घरखर्च'.

मी सोमवारी सकाळी बँकेत जाऊन ठेव मोडली.